भयाच्या वेळीं 'अब्बा' म्हणणें

वाचावयाचे उतारे : मत्तय १०:१६-३१, मार्क १४:३२-४२, रोमकरांस पत्र ८:१४-१७. मुखपाठ : रोमकरांस पत्र ८:१५.

अंधारांत पायाखालीं कांहीं सळसळलें, किंवा विहिरीच्या कांठावर पाय घसरला, कीं मराठी माणसाच्या तोंडून आपोआप शब्द निघतो, "बाप रे!" त्या वेळीं बाप जवळ असतोच असें नाहीं. कित्येकांचा बाप वारून वर्षें लोटलेलीं असतात. कित्येकांना बापानें कधीं जवळ घेतलेलेंहि नसतें. तरी हांक त्याच्याच नांवाची. ही हांक म्हणजे प्रार्थनाच होय, असा आमचा आग्रह नाहीं. परंतु आजच्या पाठाला आरंभ येथून करणें बरें, कारण भय आणि बाप हे दोन शब्द आपल्या भाषेनें एका गांठीनें बांधून ठेविले आहेत, आणि शास्त्रांतहि तीच गांठ दिसते.

प्रभु येशू गेथशेमाने बागेंत प्रार्थना करूं लागला तेव्हां त्यानें देवाला ज्या शब्दानें हांक मारली, तो शब्द मार्कानें त्याच्याच अरामी भाषेंत राखून ठेविला आहे : अब्बा. चारहि शुभवर्तमानांत हा शब्द या एकाच ठिकाणीं येतो. पुढें पौलाच्या दोन पत्रांत तो आढळतो, रोमकरांस ८:१५ आणि गलतीकरांस ४:६. सबंध नव्या करारांत मिळून तीन वेळां. लिहिणाऱ्यांनीं शेजारीं ग्रीक अर्थ दिला, पण मूळ शब्द पुसला नाहीं. ज्यांना अरामी भाषेचा गंधहि नव्हता अशा रोमच्या विश्वासणाऱ्यांनाहि तो शब्द जसाचा तसा पाठविला, यावरून त्या मंडळ्यांना तो किती मोलाचा वाटत असेल हें दिसतें.

छत्रपति संभाजीनगर शहरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, राहणाऱ्या वाचकांना हा शब्द शिकविण्याची गरज नाहीं. शेजारच्या मुसलमानाच्या घरांतून तो दिवसांतून दहा वेळां कानीं पडतो. संध्याकाळीं बाप कामावरून आला, सायकल भिंतीला टेकविली, कीं लहान पोर "अब्बा" म्हणत दाराशीं धांवतें. उर्दूंतील हा शब्द अरबीशीं नातें सांगतो, आणि अरबी व अरामी या एकाच कुळांतील भाषा आहेत. त्याच घरांतील चाळीस वर्षांचा मिशा पिकूं लागलेला मुलगाहि आपल्या वृद्ध वडिलांना अब्बाच म्हणतो, हें लक्षांत ठेवावें. 'अब्बा' म्हणजे केवळ तान्ह्या बाळाचे बोबडे बोल, असें कांहीं उपदेशक सांगतात, तें बरोबर नाहीं. लहानाच्या तोंडीं त्यांत लडिवाळपणा असतो, मोठ्याच्या तोंडीं आदर असतो; परकेपणा मात्र कोणाच्याच तोंडीं नसतो.

आतां हा शब्द प्रभूनें कोणत्या वेळीं उच्चारिला तें पाहूं. डोंगरावर उपदेश करतांना नव्हे, पांच हजारांस जेवूं घालतांनाहि नव्हे. मार्क स्पष्ट लिहितो कीं त्या रात्रीं प्रभु अतिशय व्याकुळ व कासावीस झाला. जीव जाईल कीं काय एवढें दुःख त्यानें तिघा शिष्यांजवळ बोलून दाखविलें. इब्रीकरांस पत्राचा लेखक (५:७) आक्रोशाची व अश्रूंची साक्ष देतो. मग भय वाटणें हें अविश्वासाचें लक्षण कसें? आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत कित्येक वेळां असें शिकविलें जातें कीं खऱ्या विश्वासणाऱ्याला भीति वाटतच नाहीं. हें शिक्षण ऐकावयास शूर आहे, पण तें प्रभूच्याच कपाळीं अविश्वासाचा डाग लावतें. शिवाय त्याचा परिणाम फार वाईट होतो. ज्याला भीति वाटते तो ती पाळकापासून लपवितो, आणि लपविलेली भीति रात्रीं भगताच्या दारीं जाते.

मराठवाड्यांत भानामतीचें भय किती खोल रुजलें आहे हें उपदेशकांना सांगावयास नको. घरांत अकस्मात् कपड्यांनीं पेट घेतला, अंगावर बिब्ब्याच्या खुणा उठल्या, बायका घुमूं लागल्या, कीं सारा गांव करणी करणाऱ्याचा शोध घेऊं लागतो, आणि त्या शोधांत बहुधा एखादी एकटी विधवा सांपडते. महाराष्ट्र सरकारनें २०१३ सालीं जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कायदा भगताला आवरूं शकतो; आईच्या पोटांतील गोळा तो काढूं शकत नाहीं. बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षें झालेल्या घरांतहि आजारी मुलाच्या झबल्याखालीं काळा दोरा सांपडतो. तो दिसला म्हणून त्या आईला मंडळीपुढें उभें करूं नये. तिनें हांक मारली आहे; कोणाला मारावी हें तिला त्या रात्रीं सुचलें नाहीं, इतकेंच.

पौलानें रोमकरांस ८:१५ मध्यें दोन आत्मे समोरासमोर ठेविले आहेत. एक दासपणाचा, त्याचें फळ भय. दुसरा दत्तकपणाचा, त्याची हांक अब्बा. हा भेद आपल्या लोकांना पुस्तकाशिवाय समजण्याजोगा आहे. आपल्या आजापणज्यांच्या तोंडीं एक शब्द होता, 'मायबाप'. पाटील मायबाप, सावकार मायबाप, सरकार मायबाप. पायांतील वहाणा हातांत घेऊन, दूर उभें राहून तो उच्चारावा लागे. त्यांत माय नव्हती आणि बापहि नव्हता. पोटाचें भय होतें. धन्याचा राग कसा उतरेल, यंदा बलुत्याच्या चार पेंढ्या तरी पदरांत कशा पडतील, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. प्रश्न असा आहे कीं आपण देवाला पिता म्हणतों तें कोणत्या स्वरांत? पोर तापानें फणफणलें कीं "एवढें वांचूं दे, देवळाला घंटा देईन" असें म्हणणारा माणूस, नांव ख्रिस्ताचें घेत असला तरी, धन्याशीं नवस बोलत असतो. दत्तक पुत्र घंटा देत नाहीं. तो वारस आहे. घर त्याचेंच आहे. रोमी लोकांत मोठ्या वयाच्या माणसालाहि दत्तक घेण्याची चाल होती, तेव्हां पौलाच्या वाचकांना ही गोष्ट चांगली समजली असावी. आपल्याकडेहि दत्तक विधान झालेल्या मुलाला उद्यां घराबाहेर काढतील अशा धास्तीनें निजावें लागत नाहीं.

परंतु येथें एक अडचण आहे, आणि ती टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्याचा स्वतःचा बापच भयाचें कारण होता, त्यानें काय करावें? लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं, व ख्रिस्ती आणि हिंदु सर्वांनीं तीं वाचलीं. त्या पुस्तकाच्या आरंभींच त्यांचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमींत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या डोक्यांत सोंवळ्याचें वेड शिरलें. घरांत येणारी प्रत्येक वस्तु धुवावयाची, मीठसाखरहि सुटावयाची नाहीं. सारें घर त्या एका माणसाच्या भीतीनें वागे. लक्ष्मीबाई हें सर्व हंसत हंसत सांगतात, पण वाचणारा विचार करूं लागला तर हंसूं ओसरतें. तो बाप दुष्ट नव्हता. तो स्वतःच भ्यालेला होता, आणि भ्यालेला बाप लेंकरांना भयच देऊं शकतो. पुढें त्याच घरांतील मुलगी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पाठोपाठ ख्रिस्ताकडे आली, आणि टिळकांनीं आपल्या पदांत ख्रिस्ताला वारंवार माउली म्हटलें. कोणी त्यांना नांवें ठेवण्यापूर्वीं यशया ४९:१५ आणि ६६:१३ हीं वचनें उघडून पाहावीं. पिता हा शब्द ज्याच्या घशांत अडकतो त्याच्यासाठीं शास्त्रानें दुसरें दार ठेविलें आहे.

याहून कठीण प्रसंग आपल्या रविवारच्या शाळांत येतात. गेल्या दोनतीन दशकांत मराठवाड्यांत किती शेतकऱ्यांनीं नापिकीला व कर्जाला भिऊन जीव दिला! त्यांचीं मुलें आपल्याच गांवांत आहेत, कांहीं आपल्याच वर्गांत बसतात. शिक्षक म्हणतो, "देव बापासारखा आहे," आणि कोपऱ्यांतील एक मूल खालीं मान घालतें. त्याचा बाप प्रेमळ होता, कदाचित् गांवांतील सर्वांत प्रेमळ बाप तोच असेल. पण एके सकाळीं तो गोठ्यांतून परत आला नाहीं. अशा मुलापुढें "बाप कधीं सोडून जात नाहीं" असें वाक्य उच्चारूं नये. त्यापेक्षां हें सांगावें कीं प्रभूनें पिता हा शब्द आपल्या बापांवरून उचललेला नाहीं. उलट, देव कसा आहे हें त्यानें दाखविलें, आणि त्यावरून बापानें कसें असावें हें आपण हळूहळू शिकत आहों. तुझा बाप भयानें हरला. त्याच्यावर जो प्रेम करीत होता व आजहि करतो, तो हरला नाहीं. एवढें सांगून गप्प बसावें. मूल कांहीं बोललें तर ऐकावें.

आपल्या पहिल्या पिढीच्या विश्वासणाऱ्यांनाहि बापाचें घर सोपें नव्हतें. जालन्याजवळ बेथेल नांवाचें ख्रिस्ती गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण घराण्यांतील. १८४३ सालीं मुंबईंत स्कॉटिश मिशनांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षीं त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनच्या घरीं राहूं लागला, तेव्हां वडिलांनीं कोर्टांत धांव घेतली, आणि मुलगा अल्पवयी म्हणून कोर्टानें तो बापाच्या स्वाधीन केला. पुढें त्याला जातींत परत घ्यावें कीं नाहीं, यावरून मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूनें उभे राहिले. आमच्या जुन्या वृत्तांतांतून या हकीकतींत विश्वासाचा विजय फार सांगितला जातो, आणि त्या पित्याविषयीं फारसें कोणी लिहीत नाहीं. एक मुलगा गेला, दुसऱ्यासाठीं कोर्टाची पायरी चढावी लागली. त्यानेंहि कित्येक रात्री जागून काढल्या असतील. हें येथें सांगण्याचें कारण असें कीं मत्तय १०:२१ मध्यें बाप लेंकराला मरणाच्या हवालीं करील हें भयंकर वाक्य आहे, आणि त्याच अध्यायांत आठ वचनें पुढें चिमण्यांचा दृष्टांत येतो. प्रभु पित्याविषयीं बोलतो तो घर मोडण्याच्या गोष्टी माहीत असणाऱ्या माणसाप्रमाणें बोलतो.

त्या दृष्टांताकडे आतां नीट पाहूं. या भागांत "भिऊं नका" अशा अर्थाची आज्ञा तीन वेळां आली आहे, २६, २८ व ३१ या वचनांत. चिमण्या बाजारांत विकत मिळत, गरिबांचें तें मांस. मत्तयाच्या सांगण्याप्रमाणें एका अस्सारिओनला दोन. हें तांब्याचें लहान नाणें. दिवसभराच्या मजुरीचा, म्हणजे एका दिनाराचा, तो सोळावा हिस्सा. लूक (१२:६) म्हणतो, दोन अस्सारिओनला पांच. ज्यानें आठवड्याच्या बाजारांत कधीं भाजी घेतली आहे त्याला हा हिशेब लगेच कळेल. दोन नाण्यांना चार यावयाच्या, जास्त घेतल्या म्हणून दुकानदारानें एक वर घातली. त्या पांचव्या चिमणीला किंमतच नाहीं. ती मोजलीहि गेली नाहीं. प्रभूनें नेमकी तीच उचलून दाखविली. तिचाहि देवाला विसर पडत नाहीं.

पुढील गोष्ट उपदेशकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी. चिमणी खालीं पडत नाहीं, असें प्रभु म्हणत नाहीं. ती पडते. मत्तयाच्या मूळ ग्रीक वाक्यांत "पित्याच्या इच्छेवांचून" असेंहि नाहीं. कित्येक भाषांतरकारांनीं 'इच्छा' हा शब्द अर्थ स्पष्ट करण्यासाठीं घातला आहे. मूळांत केवळ "तुमच्या पित्यावांचून" एवढेंच आहे. ती भुईवर पडते तेव्हां पिता तेथें नसतो असें होत नाहीं. दोहोंत फार अंतर आहे. पहिल्या वाचनावरून लोक असें समजतात कीं जें जें घडलें तें तें देवाला हवें होतें, आणि मेलेल्या पोराच्या आईला तेंच ऐकवितात. दुसऱ्या वाचनांत तिला सांगण्याजोगें निराळें आहे : तुझें पोर पडलें तेव्हां एकटें नव्हतें.

हें आम्ही सहज लिहीत नाहीं. आपल्या जिल्ह्यांतच या वचनाची कसोटी लागली आहे. २०२० सालीं करोनाच्या सांथीमुळें मार्चच्या अखेरीस देशभर टाळेबंदी झाली. गाड्या बंद, बाजार बंद. १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण आपण घरांतच केला. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यांतील वीस मजूर, मध्यप्रदेशांतील शहडोल व उमरिया या भागांतले, ७ मेच्या संध्याकाळीं रेल्वेच्या रुळांवरून पायीं निघाले. भुसावळ गांठली तर मुलखाकडे नेणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. रात्र चालून करमाडजवळ आले, थकले, आणि गाड्या बंदच आहेत या समजुतीनें कित्येक जण रुळांवरच आडवे झाले. ८ मेच्या पहांटे सव्वापांचच्या सुमारास मालगाडी आली. सोळा जण गेले. बाजूला निजलेले चौघे वांचले. रुळांमध्यें विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचीं छायाचित्रें देशभर पोहोंचलीं, आणि ज्यांनीं तीं पाहिलीं त्यांच्या मनांतून तीं अजून गेलीं नाहींत.

ते ख्रिस्ती होते कीं नव्हते, हा प्रश्न येथें गैरलागू आहे. दृष्टांतांतील चिमण्यांचींहि नांवें कोणत्या मंडळीच्या दप्तरांत नव्हतीं. पिता प्रेमळ आहे, तर ही गाडी थांबली कां नाहीं? या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाहीं, आणि ज्यांच्याजवळ तें तयार असतें त्यांच्यापासून दुःखी माणसांनीं दूर राहावें असें आम्हांस वाटतें. जे जालन्याहून निघाले त्यांच्या मागें बेथेल होतें, हें मनांत आल्यावांचून राहत नाहीं. शेषाद्रींनीं तें नांव उत्पत्तीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायांतून घेतलें. तेथें याकोब भयानें घरांतून पळालेला, उघड्यावर, वाटेंत, उशाला धोंडा घेऊन निजला. आणि जागा झाल्यावर म्हणाला कीं देव येथें होता, मला ठाऊक नव्हतें. याकोब जागा झाला. हे सोळा जण जागे झाले नाहींत. या दोन वाक्यांमधील दरी उपदेशकानें घाईनें बुजवूं नये. ती बुजविण्याचा प्रयत्न प्रभूनेंहि गेथशेमानेंत केला नाहीं. त्यानें प्याला दूर करण्याविषयीं विनविलें, प्याला दूर झाला नाहीं, आणि तरी त्यानें अब्बा हा शब्द परत घेतला नाहीं. आपला सारा विश्वास या एवढ्याशा जागेवर उभा आहे : ज्यानें अब्बा म्हटलें तोच वधस्तंभावर गेला, आणि पित्यानें तिसऱ्या दिवशीं त्याला उठविलें. ती तिसऱ्या दिवसाची गोष्ट त्या सोळांच्या वतीनें आपण आशेनें धरून राहावयाची आहे. तिचा पुरावा करमाडच्या रुळांवर मिळत नाहीं.

भयाच्या वेळीं विश्वास आहे कीं नाहीं, हें हृदय किती धडधडतें यावरून ठरत नाहीं. हात काय करतात यावरून तें पुष्कळ ठरतें. त्याच वर्षाच्या मार्च-एप्रिलमध्यें महाराष्ट्रांतील कित्येक गांवांनीं आपल्या वेशीवर बाभळीच्या फांद्या व काटेरी झुडपें टाकून रस्ते अडविले. सांथीपासून लेंकरांचें रक्षण करावें यांत वावगें कांहीं नव्हतें, आणि त्या दिवसांत नीट माहिती कोणालाच नव्हती. पण पुण्यामुंबईहून उपाशी परत आलेला आपल्याच गांवचा भाऊ त्या कांट्यांपलीकडे उभा राहिला, तेव्हां भयाचें खरें काम दिसलें. भय माणसाला एकटें करतें. तें "माझें" म्हणावयास शिकवितें. प्रभूनें आपल्याला जी प्रार्थना शिकविली तिच्यांत 'माझा पिता' असा शब्द नाहीं, 'आमचा' असा आहे. दार बंद करून एकट्यानें प्रार्थना केली तरी तेथें 'आमचा' म्हणावें लागतें, आणि म्हणतांच कांट्यांपलीकडला मनुष्य आंत येतो. कांहीं गांवांत लोकांनीं परतलेल्यांना शाळेच्या इमारतींत उतरवून वेशीबाहेरून कां होईना दोन वेळ भाकरी पोहोंचविली. अंतर राखलें आणि नातेंहि राखलें. त्या भाकरी नेणाऱ्यांना भीति वाटत नसेल असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं.

येथेंच आणखी एक सूचना, कारण तिच्या अभावीं जीव गेले आहेत. पित्यावर भरंवसा म्हणजे औषध नाकारणें नव्हे. सैतानानें प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन स्तोत्राचा आधार दिला व उडी घालावयास सांगितलें; प्रभूनें उडी घातली नाहीं (मत्तय ४:५-७). कोणाला सापानें दंश केला, मग तो नाग असो, मण्यार असो, घोणस असो वा फुरसें, तर त्याला न हलवितां, न चालवितां, मिळेल त्या वाहनानें सरकारी दवाखान्यांत पोहोंचवावें. विषावरची लस तेथें असते. प्रार्थना गाडींत करावी. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाहीं, आणि तो तास प्रार्थनेंत घरीं बसून घालविला तरीहि परत मिळत नाहीं. लेंकरूं पित्याजवळ विश्वासानें राहतें याचा अर्थ तें त्यानें दिलेलें औषध थुंकून टाकतें असा नाहीं. २०२१ सालीं करोनाची लस आली तेव्हां कित्येक खेड्यांत लोक शेतांत जाऊन लपले; त्यांत आपलेहि होते. त्यांना हंसूं नये. त्यांच्याशीं बसून बोलावयास हवें होतें, तें आपण पुरेसें केलें नाहीं.

वर्गांत हा पाठ घेतांना प्रथम मुखपाठ सर्वांकडून म्हणवून घ्यावा, आणि मग मोठ्या माणसांना विचारावें कीं तुम्हांला सर्वांत अधिक भीति कशाची वाटते. पहिल्यानें कोणी बोलणार नाहीं. शिक्षकानें आपली भीति आधीं सांगावी. खरी सांगावी, शोभेची नको. मग कोणी पावसाचें नांव काढील, कोणी बँकेच्या नोटिशीचें, कोणी मुलीच्या लग्नाचें, आणि एखादी म्हातारी हळूच म्हणेल कीं मरतांना जवळ कोणी असेल कीं नाहीं याची. कोणाचीहि भीति खोडून काढूं नये. वचन शेवटीं वाचावें, आधीं नको. प्रार्थनेंत प्रत्येकानें शेजाऱ्याच्या भीतीचें नांव घेऊन 'आमच्या पित्या' असें म्हणावें. आपल्या भीतीसाठीं दुसऱ्यानें हा शब्द उच्चारलेला ऐकूं येतो तेव्हां तो निराळा लागतो.

ज्या घरीं यंदा मरण झालें आहे अथवा कर्त्या माणसानें जीव दिला आहे, त्या घरीं उपदेशकानें याच आठवड्यांत जावें. बायबल पिशवींत असूं द्यावें. मंडळीनें जमविलेली ज्वारी बरोबर न्यावी, ती आधीं द्यावी, आणि मुलें शाळेंत जातात कीं नाहीं हें विचारावें. त्या घरच्या बाईनें बसा म्हटलें तर बसावें.